करकोचा परत येत नाही

छापण्याआधी पुस्तकं तपासणाऱ्या टेश्नर साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर गेर्लिंड पाश्केला काही केल्या बसवेना. उठायची, खिडकीशी जायची, पुन्हा येऊन टेकायची. आत साहेबांच्या टेबलावर तिची एकशे बारा पानांची गोष्ट होती आणि एवढ्या पानांत तिला एकच बातमी सांगायची होती, तीही एकाच माणसाला. स्वतःच्या आईला.

दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने, योखेनने, रोस्टॉकजवळच्या किनाऱ्यावरून रबरी होडी पाण्यात लोटली होती. पलीकडे डेन्मार्क, आणि देश सोडून जायला बंदी. महिन्याभराने गेर्लिंडला एका कचेरीत बोलावून प्रेत सापडल्याचं सांगितलं आणि कुणाजवळ अवाक्षर काढणार नाही अशी सही घेतली. सहीचं आपलं निमित्त. खरं म्हणजे आईपुढे तिचं तोंडच उघडत नव्हतं. म्हातारी रोज पोस्टमनची वाट बघायची आणि ही मान खाली घालून बटाटे सोलायची.

पण आईला ओळींच्या मधलं वाचता यायचं. बर्लिनच्या भिंतीच्या अलीकडच्या त्या पूर्व जर्मनीत ते सगळ्यांनाच यायचं म्हणा, पण तिची आई, हेडविगबाई, त्यात वस्ताद. पेपरात कांद्याच्या विक्रमी पिकाची बातमी आली की ही पिशवी घेऊन आधी रांगेत, कारण आता कांदा मिळेनासा होणार. म्हणून गेर्लिंडने करकोच्याची गोष्ट लिहिली. कोठाराच्या छपरावर घरटं, उन्हाळा सरला की पक्ष्यांचे पंख कातरायचा गावाचा नियम आणि कात्री चुकवून समुद्रावर उडालेला एक करकोचा. वसंत येतो, घरटं रिकामंच राहतं. आई छापलेलं वाचेल, काय ते समजेल आणि आपल्याला ते शब्द उच्चारावे लागणार नाहीत.

गोष्टीत तिने एक चिनी मातीचा कुत्राही बसवला होता. लेखक मंडळींनी आपल्या एका युक्तीला दिलेलं हे नाव. एक भडक प्रसंग मुद्दाम घालायचा, म्हणजे तपासणारा त्याच्यावर तुटून पडतो आणि बाकीचं सुटतं. तिचा कुत्रा म्हणजे भाषण ठोकता ठोकता शेणाच्या खड्ड्यात पडणारा गावप्रमुख.

"बसा, पाश्केबाई," आत बोलावून टेश्नर म्हणाले. "तो शेणात पडतो ते झकास जमलंय. बायकोला वाचून दाखवलं मी. राहू दे ते."

गेर्लिंड बसता बसता थांबली. "राहू दे?"

"कुत्रा आहे तो. अकरा वर्षं हेच कुत्रे पाळतोय मी, मला नका शिकवू." त्यांनी शेवटचं पान वर काढलं. "अडचण इथे आहे. करकोचा परत आला पाहिजे."

"तो येत नाही, साहेब."

"म्हणजे तिकडे मजेत आहे."

"नाही हो. दुःखाची गोष्ट आहे ही."

"तुमच्यासाठी असेल. लोक काय वाचतील? गेला, परत आला नाही, म्हणजे पोहोचला. तिकडचे बेडूक जास्त चविष्ट असणार. ही तर जाहिरात झाली, बाई. दमलेला, पस्तावलेला असा परत आणा त्याला, मी वसंतात पुस्तक काढतो."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. अख्खं वर्ष खपून लिहिलं आणि एवढं साधं सुचलं नाही. आईसुद्धा हेच वाचणार. विचार करून सांगते म्हणत तिने कागद उचलले.

ट्रॅममध्येही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोन थांबे आधीच उतरून ती भराभर चालू लागली. परत आणला तर आई वाट बघत बसणार, नाही आणला तर खूश होणार. भित्री कुठली, ती स्वतःलाच म्हणाली, पुस्तकाच्या आड लपायला निघाली होतीस.

घरी आई मंगळवारी दुपारी रविवारचा ब्लाउज घालून स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर दोन कप आणि गोष्टीची कार्बन प्रत.

"लपवायची जागा तरी बदलत जा. पिठाच्या डब्यामागे रोज हात जातो माझा."

"वाचलंस?"

"दोनदा. पोहोचला ना माझा पोरगा?" आईचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "तुला सरळ सांगता येत नाही, कळतं गं मला. पण किती छान सांगितलंस. बस, नाताळापासून ठेवलेली खरी कॉफी काढलीय आज."

गेर्लिंड अंगातला कोटही न काढता उभी राहिली.

"आई, योखेन बुडाला."

आईने खिडकीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "बाहेर असंच सांगायचं ठरलंय का?"

"नाही. याच्या आत दुसरं काही नाही. तो मेला, आई. प्रेत सापडलं. मला तेव्हाच कळवलं होतं."

आईने शेवटचं पान पुढे ओढलं. ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचत गेली, शेवटापर्यंत गेली आणि पुन्हा वर आली. मग तिने पान पालथं ठेवलं.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं तू मला त्याच्यासाठी रडू दिलं नाहीस."