सूर्यफुलांच्या खालचा मजला

दुसऱ्यांदा बेल वाजवून ती दारापासून पाऊलभर मागे सरकली आणि गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. आतून सपातांची फटफट जवळ येत गेली. ही चाल तिला पाठ होती. डावा पाय किंचित घासत यायचा.

दार साखळीपुरतं उघडलं. ताईने तिच्याकडे पाहिलं, मग ओळखपत्राकडे.

"कोण हवंय आपल्याला?"

वाटेत जुळवून आणलेली वाक्यं गेली कुठल्या कुठे. उरलं ते रोज दारोदार म्हणायचं वाक्य.

"मधमाश्यांचं सर्वेक्षण चालू आहे," ती म्हणाली. "आपल्या बाल्कनीत फुलझाडं आहेत का, एवढंच विचारायचं होतं."

वाचनालयाच्या गच्चीवर तिच्या विभागाने मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या होत्या. एवढ्या सिमेंटच्या पसाऱ्यात माश्या चरायला जातात कुठे आणि जगतात कशावर, हे शोधायचं होतं. उन्हाळा लागला तसे रस्त्याकडेचे झाडोरे सुकले. दोन पेट्या रोडावल्या, तिसरीतल्या माश्या थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांवर घोंघावू लागल्या. चौथी मात्र मजेत होती. तिच्या माश्या पायांना नारिंगी पराग लावून परतत. सूक्ष्मदर्शकाखाली ते कण काटेरी दिसले: सूर्यफूल. पेटीत शिरल्यावर माश्या नाचून एकमेकींना दिशा आणि अंतर सांगतात. त्यावरून तिने नकाशावर एक वर्तुळ काढलं. वर्तुळात ताईची इमारत होती. ती गल्ली तिने आठवडाभर टाळली, आणि सर्वेक्षणासाठी दुसऱ्या कुणालाही दिली नाही.

आईच्या शेवटच्या आजारपणात ती लांबच्या एका शहरात पेट्या हलवत होती. दोन दिवसांत निघते म्हणाली. आई तेवढी थांबली नाही. ती पोचली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, आणि ताई सगळ्यांदेखत एवढंच म्हणाली होती, "जा, तुझ्या माश्या सांभाळ." त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

"फुलझाडं नाहीत आमच्याकडे," ताई म्हणाली.

"एखादी कुंडी?"

"कुंड्या आहेत. रिकाम्या."

"उघडं पाणी ठेवता का कुठे? माश्यांना पाणीही लागतं."

"माश्यांना सगळंच लागतं म्हणायचं."

ती खाली मान घालून हसली. वर पाहिलं तेव्हा ताई हसत नव्हती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, चष्मा नवा होता. मनगटावर भाजल्याचा लाल डाग होता. मलम लावलंस का, हे ओठांपर्यंत आलं.

"घरात औषध फवारता का?" तिने विचारलं.

"झुरळांसाठी. आठवेल तेव्हा. मी एकटीच असते, आठवण कोण करणार?"

"एकटी? आणि पोरगी?"

"शिकायला गेली परगावी. वर्ष होऊन गेलं." ताईने साखळीवरचा हात बदलला. "हेही येतं का तुमच्या सर्वेक्षणात?"

"नाही."

विचारण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तरी ती उभी होती, आणि दारही मिटत नव्हतं.

गच्चीच्या जिन्यावरून तळमजल्यावरचे काका रिकामी झारी हलवत उतरले. बस चालवून निवृत्त झालेले. गच्चीवरची बाग त्यांनीच फुलवलेली.

"अरे, मॅडम, पुन्हा तुम्ही?" ते म्हणाले. "काल तासभर वर होतात की. माझी सूर्यफुलं मोजलीत, फोटो काढलेत. काम फत्ते, आता या इमारतीत यायला लागणार नाही, असं तुम्हीच म्हणालात ना? काय राहिलं आणखी?"

काल उतरताना ती याच दारासमोर थांबली होती. बेलवर टेकवलेलं बोट तिने काढून घेतलं होतं.

ताईची नजर तिच्या चेहऱ्यावर होती. बराच वेळ.

"राहिलंय त्यांचं," ताई काकांना म्हणाली. "आमच्याकडचं राहिलंय."

"मग बरोबर आहे," म्हणत काका खाली गेले.

दार मिटलं. साखळी निघाल्याचा आवाज झाला आणि दार पुन्हा उघडलं, या वेळी सताड.

"आत ये."

बाल्कनी अरुंद होती. दोरीवर एकाच माणसाचे कपडे. कठड्याशी पाच कुंड्या, माती दगडासारखी. वरून, गच्चीच्या कडेवरून, माश्यांची बारीक गुणगुण येत होती. ताईने मान वर करून ती ऐकली.

"रोज ऐकते," ती म्हणाली. "खाली मात्र येत नाहीत."

"खाली काही नाहीये ना."

"काय लावलं तर येतील?"

"काहीही. साधं, उघडं फूल हवं."

ताईने एका कुंडीतल्या मातीवर नख ओढून पाहिलं.

"आणि लावून नाहीच आल्या तर?"

"तर का नाही आल्या ते बघायला मला यावं लागेल."

ताई आत गेली. पाण्याने भरलेलं भांडं घेऊन आली आणि ते पहिल्या कुंडीत ओतलं. कोरड्या मातीने पाणी आत घेतलंच नाही. ते वरच तरंगत राहिलं. ते मुरायची वाट बघत दोघी कठड्याशी उभ्या राहिल्या.