पेवाचं झाकण

सौंसरच्या कापसाच्या जिनातले कामकरीही संपात उतरणार, ही बातमी घेऊन गुणवंता दुपारच्या बसनं पांढुर्ण्याला उतरला. ती त्याला आधी बायकोला, मनकर्णेला सांगायची होती. पण अड्ड्यावर तिला बाई म्हणणारा तिचा धाकटा भाऊ श्रीधर उभा होता, उघड्या डोक्यानं.

"भाऊजी, घरी चला."

"बाई कुठं आहे तुझी?"

श्रीधरनं मान खाली घातली. गुणवंताला तिथंच कळलं. बस पुढं निघून गेली, तिची धूळ बसली, तरी तो हलला नाही.

मनकर्णा पेवात उतरली होती आणि जिवंत वर आली नव्हती.

हे पेव जीनवस्तीच्या मागं होतं. जमिनीत खोदलेलं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र मोठं. सुगीनंतर वस्तीतल्या प्रत्येक घरानं जमेल तेवढी ज्वारी त्यात टाकायची आणि ज्याला नड असेल त्यानं न्यायची, ही रीत मनकर्णेनं सुरू केली होती. कुलूप नव्हतं, राखणदार नव्हता. छप्पन साली झालेल्या नव्या राज्याची ती पहिलीच थंडी. रोजी वाढवा, सरकी काढायच्या रेच्यात हात गेलेल्याला भरपाई द्या, एवढ्यासाठी संप होता आणि तो या ज्वारीवर उभा होता.

संपाची माणसं दोघांना मानत. एक श्रीधर, मार्क्सवादी, युनियनचा सेक्रेटरी. दुसरे नत्थूजी, नागपूरच्या गिरणीत उमर घालवून परतलेले म्हातारे. ते स्वतःला अराज्यवादी म्हणवत. दोघंही गुणवंताच्याच ओसरीवर भांडत.

"जीन कामकऱ्याचं व्हावं, हे तुमचं न् माझं एकच," श्रीधर म्हणायचा. "पण सत्ता हाती घेतल्याबिगर ते होत नाई, नत्थूजी. पक्ष पाहिजे, कमेटी पाहिजे. मालक न् मजूर हा भेदच मिटला, का मंग सरकारही आपोआप गळून पडन."

"पिकल्या संत्र्यावानी?" नत्थूजी हसायचे. "संत्रं गळते बाप्पा, खुर्ची नाई गळत. तिच्यावर आपला माणूस बसवला, का तो खुर्चीचा होते."

"अन् तुमच्या अराज्यात सारेच मालक. मंग राखणीले कोण?"

"अराज्य म्हणजे बेबंदी नाई रे. इर्जिकीले कोण साहेब असते? शेजारी बैल घेऊन येते, वावर नांगरून देते, जेवून जाते."

"ज्याच्याजवळ बैलच नाई, त्याची इर्जिक कोण करते?"

मनकर्णा भाकरी वाढत म्हणायची, "नागपूरची खुर्ची मुंबईले गेली, आपली भोपाळले. तुम्ही दोघं इथं भाकरी थंडी करून राहिले."

संप लांबला, तशी मालकाची माणसं वस्तीभोवती फिरू लागली. पेवात कोणी रॉकेल ओतेल, या भीतीनं श्रीधरच्या कमेटीनं झाकण बसवून शेणामातीनं लिंपून टाकलं. ते कमेटीला ठाऊक होतं. मनकर्णा कमेटीत नव्हती. एरवी पेव एकाआड एक दिवस उघडायचं, म्हणून आत कंदील सोडून हवा पाहायची कोणाला सवयच राहिली नव्हती.

गुणवंता सौंसरला गेला त्या दिवशी वस्तीतल्या अंबाबाईच्या घरी पीठ संपलं. मनकर्णेनं लिंपण फोडलं. नत्थूजी दोर धरायला उभे राहिले. झाकण कालचं लावलेलं की आठवड्याचं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते समजले हवा ती पाहील, ती समजली त्यांनी पाहिलं असेल. कोंडलेली हवा वाईट. वर ओढा म्हणून दोराला झटका आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, वस्ती पेवाशी जमली. झाकण पुन्हा लावलेलं होतं. घराघरांत डबे रिकामे होते, पण मेल्या माणसाच्या पेवात उतरायला कोणी तयार नव्हतं. मालकाच्या मुनिमानं निरोप धाडला होता: सकाळी कामावर या, हातोहात ज्वारी देतो. आज पेव उघडलं नाही, तर उद्या जीन चालू होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

"झाकण एकाच्या जिम्म्यात असतं, तर बाई गेली नसती," श्रीधर म्हणाला. "म्हणून म्हणतो, कमेटीच्या हाती द्या."

"कमेटीनं लिंपलं म्हणून गेली ते," नत्थूजींचा आवाज फाटला. "चारचौघांत सांगितलं असतं, तर?"

"तुम्ही कंदील काहून नाई सोडला?"

"तू कोणाले विचारून लिंपलं?"

श्रीधर उठला. त्याच्यामागं कमेटीची पोरं उठली, नत्थूजींच्या बाजूच्या बायाही उठल्या. सगळे गुणवंताच्या तोंडाकडे पाहू लागले. तो ज्याचं नाव घेईल, त्याचं खरं ठरणार होतं. दोघंही खरं बोलत होते, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं.

"मले कंदील द्या," तो म्हणाला.

त्यानं झाकण सरकवलं आणि पेटता कंदील दोरानं आत सोडला. थोडा खाली गेला आणि ज्योत विझली. बाया मागं सरकल्या. एक म्हणाली, "चला, मुनिमाकडेच जाऊ."

"थांब माय," गुणवंता म्हणाला.

त्यानं निंबाचे डगळे तोडून दोराला बांधले आणि आत हवा खेळावी म्हणून पेवात खालीवर हलवू लागला. आधी एकटाच हलवत होता. मग श्रीधर आला, मग नत्थूजी. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. हात भरून आले. कंदील पुन्हा सोडला, पुन्हा विझला. पुन्हा डगळे. उन्हं कलायला लागली, तेव्हा ज्योत खालपर्यंत गेली आणि जळत राहिली.

"मी जातो, भाऊजी," श्रीधर म्हणाला.

"नाई. तू दोर धर. नत्थूजी, तुम्हीही धरा."

तो उतरला. आत ऊब होती, ज्वारीचा आंबूस वास होता. मनकर्णेचं टोपलं तिथंच पडलेलं, अर्धं भरलेलं. त्यानं ओंजळीनं ते पुरतं भरलं, दोराला बांधलं आणि झटका दिला. वरून दोघांनी एकदमच ओढलं.

पहिलं टोपलं अंबाबाईच्या पदरात गेलं. सांजेपर्यंत घराघरांतून जातं ऐकू येऊ लागलं. दुसऱ्या दिवशी जिनाचा भोंगा वाजला, पण वस्तीतून कोणी गेलं नाही.

गुणवंता पेवातून वर आला, तेव्हा अंबाबाईनं विचारलं होतं, "आता झाकण कोणाच्या जिम्म्यात, भाऊ?"

श्रीधरनं नत्थूजींकडे पाहिलं, नत्थूजींनी गुणवंताकडे. गुणवंता टोपलं घेऊन घरी गेला.

त्या झाकणाचं अजून ठरलेलं नाही.