कोलोंगाच्या बायकांचं छप्पर

आपण संस्कृतीचे तज्ज्ञ आहोत हे लिसिआतेला पहिल्यांदा ऑकलंडला कळलं. तिथल्या विद्यापीठात त्याने टोंगातल्या कलाव्यवसायांवर प्रबंध लिहिला, परीक्षकांनी तो मान डोलवत वाचला, आणि एका प्राध्यापिकेने तर त्याला हस्तांदोलन करताना डॉक्टर म्हटलं. ही बातमी घरापर्यंत मात्र अजून पोचायची होती. घरी तो गाडी असलेला पुतण्या होता. कोणाला विमानतळावर जायचं असलं की त्याच्या तज्ज्ञतेला खरी मागणी यायची.

नुकुअलोफाला परतल्यावर मंत्रालयाने त्याच्यासाठी ‘सांस्कृतिक व सर्जनशील उद्योग साहाय्य कक्ष’ उघडला. कक्ष म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि स्वतः लिसिआते. तिघांपैकी पंखा जास्त काम करायचा. भोपळे आणि रग्बी खेळणारी पोरं सोडून या देशात आणखीही काही तयार होतं, हे परदेशी लोकांना पटवणं हे कक्षाचं काम. पटवण्यात लिसिआतेचा हात कोणी धरला नसता. वेलिंग्टनच्या एका मदतसंस्थेला त्याने पटवलं की कोलोंगा गावच्या बायकांनी एक भव्य न्गातू, म्हणजे झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड, तयार करावा, तो ऑकलंडच्या प्रदर्शनात विकला जावा, आणि हे जमलं तर दुसऱ्या टप्प्यात संस्थेने त्या बायकांना काम करायला पक्कं छप्पर बांधून द्यावं. प्रस्तावात त्याने स्वतःच्या हाताने एक वाक्यही घातलं होतं: ‘ही निर्मिती घरगुती विधींमध्ये खर्ची पडणार नाही.’ या वाक्याचा त्याला त्या काळी फार अभिमान होता.

बायकांना प्रदर्शनाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना छप्पर हवं होतं. झाडाची साल मोगरीने कुटून पातळ करायची, पट्ट्यांवर पट्ट्या खळीने चिकटवायच्या, वर तपकिरी रंग चढवायचा, हे सगळं त्या फणसाच्या झाडाखाली करायच्या, आणि खळ ओली असताना पाऊस आला की कित्येक दिवसांची मेहनत मातीला मिळायची. त्यांची म्होरकी मेलिआमे. ती बसली की बाकीच्या बसायच्या, ती हसली की बाकीच्या हसायच्या. ती म्हणाली, "पाऊस आला की आम्ही देवाला सांगतो. तो ऐकत नाही. आता तू सरकारला सांगून बघ."

लिसिआतेने उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की छप्पर मिळेल. बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्रबंधाला टाळ्या मिळाल्या नव्हत्या, त्यामुळे तो जरा वाहवला आणि ‘नक्की मिळेल’ असंही म्हणाला.

न्गातू झाला. काय झाला होता म्हणता. कोलोंगाच्या बायकांनी कित्येक वर्षांत असा केला नव्हता. उलगडायला देवळाचं पटांगण लागलं. संस्थेच्या फिलिपाबाई तो पाहायला येणार होत्या. त्यांनी पाहिला, ऑकलंडला गेला आणि विकला गेला की दुसरा टप्पा मंजूर. तोवर तो ठेवायचा कुठे? मंत्रालयाच्या गुदामात उंदीर होते आणि ते कोणत्याही कक्षाच्या अखत्यारीत येत नव्हते. म्हणून लिसिआते न्गातू घरी घेऊन आला आणि त्याची बायको लुपे हिने तो गादीखाली पसरला, कारण घरातली मोलाची वस्त्रं तिथेच ठेवतात. लिसिआते प्रकल्पावर झोपू लागला. पाठीला बरं वाटायचं.

अशात थोरले बाबा गेले. थोरले बाबा म्हणजे लिसिआतेच्या वडिलांचे थोरले भाऊ, त्याच्यासाठी वडिलांच्याच जागी. म्हातारपणाने गेले, झोपेत गेले, सगळ्यांना वाटलं चांगलं मरण आलं. लिसिआतेला मात्र दुःखाच्या पाठोपाठ दुसरा विचार आला आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली. तोच विचार लुपेने मोठ्याने बोलून दाखवला. मयताला काय घेऊन जायचं? घरचा न्गातू तिच्या भाचीच्या लग्नात व्हावाऊ बेटावर गेला होता. धाकट्या चुलत्यांच्या घरचे तर ट्रक भरून आणणार, असं ऐकू येत होतं.

"गादीखाली आहे की," लुपे म्हणाली.

"तो सरकारचा आहे."

"मग सरकार त्याच्यावर का झोपत नाही?"

प्रबंधात या मुद्द्यावर एक अख्खं प्रकरण होतं, पण ते लुपेला उद्देशून लिहिलेलं नव्हतं. शिवाय रिकाम्या हाताने जायचं म्हणजे तोंड कुठे लपवायचं. मग तज्ज्ञाने आपलं ज्ञान कामाला लावलं. न्गातू द्यायचा नाही, नुसता न्यायचा. सगळ्यांनी बघावा, मयताला मान मिळावा, आणि उत्तरकार्य आटोपलं की, मयताला आलेल्या वस्त्रांवर जिचा पहिला हक्क, त्या आत्याला समजावून तो परत आणावा. मनातल्या मनात त्याने याला ‘तात्पुरतं सादरीकरण’ असं नावही दिलं. गोष्टीला नाव दिलं की ती अर्धी झाली असं त्याला वाटायचं, आणि मंत्रालयात ते खरंही होतं.

मयताच्या दिवशी तो मागच्या अंगणात होता. मेलेल्याची मुलं आणि पुतणे तिथेच असतात. छातीपर्यंत येणारी सुतकाची फाटकी चटई कमरेला गुंडाळून तो भट्टीवर डुकरं भाजत होता आणि धुराने डोळे पुसत होता. आत मयताच्या उशाशी आत्या बसली होती, कालोलाइने आत्या, गेलेल्याची बहीण, घराण्यात तिच्यावर कोणी नाही. न्गातू आत गेला. उलगडला. आणि भिंतीपलीकडून सगळ्या घराचा श्वास आत ओढल्याचा आवाज आला. लिसिआतेची छाती फाटक्या चटईत फुगली. त्याच्या कुठल्याच सादरीकरणाला असा प्रतिसाद मिळाला नव्हता. कामावरून लक्ष उडालं, एका डुकराची एक बाजू करपली.

मग लुपे मागे आली आणि म्हणाली की आत्याने न्गातूवर हात ठेवला. म्हणजे तो आता तिचा. विषय संपला होता.

तरी आठवड्याने तो आत्याकडे गेला. सोबत सुरण आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांची टोपली. आत्या खुर्चीत, तो उंबऱ्याशी जमिनीवर. आत्याला दिलेलं परत मागायचं कसं, याला भाषेत सोयच नाही. त्यामुळे तो लांबून लांबून येत राहिला.

"कापड चांगलं होतं, आत्या."

"होतं नाही. आहे."

"ऑकलंडच्या लोकांनाही ते बघायला आवडलं असतं."

"पोरांना फोटो पाठवलेत. सुना जळून गेल्या."

"त्यात सरकारचा थोडा..."

"सरकारनेही हात लावला का? वा. माझ्या भावाला एवढा मान होता हे माहीत नव्हतं. रविवारी देवळात उभी राहून सरकारचे आभार मानीन."

लिसिआतेला देवळातला तो प्रसंग डोळ्यांसमोर दिसला, पहिल्या बाकावर बसलेल्या मंत्र्यांसकट. आभाराची गरज नाही, असं तो घाईघाईने म्हणाला. आत्याने सांगितलं की न्गातू आता शनिवारी तिच्या नातीच्या लग्नात निघेल, आणि त्याने गाडी घेऊन यावं. फिलिपाबाई शुक्रवारच्या विमानाने येणार होत्या.

तो कोलोंगाला गेला. मेलिआमे चिडेल, शिव्या देईल अशी तयारी करून गेला होता, त्यामुळे ती चिडली नाही तेव्हा त्याची पंचाईत झाली. कालोलाइनेने हात ठेवला हे ऐकून ती उलट खूश झाली. तिने बाकीच्यांना हाक मारून सांगितलं, त्यांनी मोगऱ्या थांबवल्या आणि पुन्हा सांगायला लावलं. मग मेलिआमे त्याच्याकडे वळली.

"ते झालं. आमचं छप्पर?"

शुक्रवारच्या आत दुसरा न्गातू करता येईल का, असं त्याने विचारलं. ती नुसती आभाळाकडे बघत राहिली. पश्चिमेकडून ढग येत होते. "करू की," ती म्हणाली. "छपराखाली बसून करू."

फिलिपाबाई उतरल्या. उन्हाची मोठी टोपी, सरळ स्वभाव, प्रत्येक गोष्ट कौतुकाने बघायची सवय. शनिवारी लिसिआते त्यांना थेट लग्नाला घेऊन गेला. वाटेत समजावलं की मालाला देशांतर्गत मागणी किती आहे हे आधी प्रत्यक्ष पाहिलेलं बरं. हे वाक्य खोटं नव्हतं. त्याची बहुतेक वाक्यं खोटी नसत, हीच त्यांची अडचण होती.

देवळाच्या दारापासून मांडवापर्यंत न्गातू अंथरला होता आणि नवरा-नवरी त्यावरून चालत आली. फिलिपाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हाच का तो, असं त्यांनी विचारलं. लिसिआते म्हणाला, हाच, वापरात असलेला. विक्रीचं कुठवर आलं हे त्या विचारणार तेवढ्यात आत्याची नजर टोपीवर पडली. परदेशची पाहुणी, पांढरे केस, नातीच्या लग्नाला आलेली. तिला रिकामं पाठवणं कालोलाइनेला शोभलं नसतं. तिने मानेने खूण केली. घराण्याच्या वतीने भाषणं करणारे गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी लांबलचक भाषण केलं. भाषण संपलं, आठ-दहा बायकांनी न्गातूची घडी उचलून आणली आणि फिलिपाबाईंच्या पायाशी ठेवली.

मांडव शांत झाला. फिलिपाबाई लाल झाल्या आणि लिसिआतेच्या कानाशी लागल्या. हे फार सुंदर आहे, पण संस्थेच्या नियमाने त्यांना भेट घेता येत नाही. बाजारभावाने पैसे दिले तरच नेता येईल. त्याने कृपा करून किंमत विचारावी.

सगळे लिसिआतेच्या तोंडाकडे बघत होते. पाहुणी काय म्हणते? भेट आणि किंमत यांच्यातल्या ताणावर त्याने प्रबंधात इतकं लिहिलं होतं की परीक्षकांनी कापायला सांगितलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. किंमत विचारली असती तर आत्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं. नको म्हटलं असतं तर त्याहून वाईट. मागच्या रांगेत कोलोंगाच्या बायका बसल्या होत्या, मेलिआमे मधोमध.

"पाहुण्या म्हणतात," लिसिआते उभा राहून म्हणाला, "एवढा मान रिकाम्या हाताने उचलता येत नाही. त्या कोलोंगाच्या बायकांना कामासाठी छप्पर देतात."

मेलिआमे उठली आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागली. मग सगळ्याच नाचायला लागल्या. म्हाताऱ्यांनी मांड्यांवर थापा मारल्या. फिलिपाबाईंनी विचारलं, मान्य आहे का त्यांना? तो म्हणाला, फार मान्य आहे.

खरं त्याने गाडीत सांगितलं. न्गातूची घडी मागच्या खिडकीतून बाहेर आली होती आणि पुढे दोघांच्या खांद्यांमध्ये टेकली होती. खाडी ओलांडताना फिलिपाबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमची संस्था लग्नात दिलेल्या शब्दावर छप्पर बांधत नाही, लिसिआते."

"कल्पना आहे."

"मग बांधणार कोण?"

या प्रश्नाचा विचार त्याने केला नव्हता. त्याच्या प्रस्तावांत तो नेहमी दुसऱ्या टप्प्यात यायचा.

फिलिपाबाई भल्या होत्या. त्यांनी वरच्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण न्गातू रीतसर ऑकलंडला गेला आणि प्रदर्शनाच्या मुख्य भिंतीवर टांगला गेला. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत. खाली पाटी होती: विक्रीसाठी नाही. भेट आलेली वस्तू विकायची कशी, या प्रश्नावर संस्थेच्या बैठकीत एकमत झालं नव्हतं. विक्री झाली नाही म्हणून दुसरा टप्पा नामंजूर झाला. तसं पत्र आलं तेव्हा लिसिआतेने ते पंख्याखाली ठेवलं, आणि ते उडालं तरी उचललं नाही.

दुसऱ्याच दिवशी आत्याचा निरोप आला. पाहुणीचे छपराचे पत्रे कधी येतात? तो उंबऱ्याशी जाऊन बसला आणि म्हणाला, बोटीला उशीर आहे. मग म्हणाला, परदेशातलं काम, नियम असतात. मग म्हणाला, कदाचित पाहुणीला नीटसं...

"लिसी," आत्या म्हणाली, "मी पोरांकडे ऑकलंडला इतकी वर्षं काढली. तिथल्या खाटकाशी भांडायचं तर इंग्रजीतच भांडावं लागतं. तिने किंमत विचारली होती. माझ्यासमोर, माझ्या नातीच्या लग्नात."

आत्याने खुर्ची पुढे ओढली.

"बरं केलंस नाही सांगितलंस ते. छप्पर तिचंच. सगळ्या मांडवाने ऐकलंय. पत्र्यांचं तेवढं तू बघ."

म्हणजे त्याने बघायचं. पाहुणी खोटी ठरली असती तर लग्न लागलेल्या घराची मान खाली गेली असती, आणि घर त्याचंच होतं. त्याने ऑकलंडच्या चुलत भावांना फोन केले. चुलत भावांनी आधी खो खो हसून घेतलं, मग कंटेनरमधून पत्रे पाठवले. खांब धाकट्या चुलत्यांच्या वाडीतून आले. लुपेने स्वयंपाकघर वाढवायचा विचार पुढे ढकलला आणि पुन्हा कधी काढला नाही. ती फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की नवऱ्याची फार मोठी नोकरी आहे, स्वतःच्या पैशाने करावी लागते. सलग काही शनिवार डॉक्टर लिसिआते कोलोंगात शिडीवर चढून खिळे ठोकत होते आणि खालून बायका कुठला वाकडा गेला ते ओरडून सांगत होत्या. बहुतेक वाकडेच गेले. कक्षाच्या वार्षिक अहवालात त्याने लिहिलं की सर्जनशील उद्योगांमध्ये खासगी क्षेत्राचा सहभाग उत्साहवर्धक आहे.

छपराला गावाने फिलिपाचं छप्पर असं नाव दिलं. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा लिसिआते मुद्दाम बघायला गेला. पत्र्यांवर इतका आवाज होत होता की बायकांना एकमेकींचं गाणं ऐकू येत नव्हतं, तरी त्या गात होत्या. खळ लावलेल्या पट्ट्या कोरड्या जमिनीवर होत्या. लांबच लांब न्गातू पसरला होता, एक टोक दाराबाहेर जाईल की काय असा. त्याला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलेलं कोणाच्या लक्षात यावं असंही वाटलं. तो मेलिआमेजवळ जाऊन बसला आणि मोठ्याने विचारलं की हा तरी विकायचा ना.

"विकायचा कसला? पाहुणीसाठी आहे," मेलिआमे म्हणाली. "एवढं छप्पर दिलं तिने. परतफेड नको? मागच्याहून मोठा करतोय. पुढच्या वर्षी तिला बोलाव."

आजूबाजूच्या माना खाली गेल्या, पण मोगऱ्यांचा ठेका बिघडला. कोणीतरी हसू दाबत होतं. यावर पाहुणी काय देईल कोण जाणे, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, विजेचे दिवे दिले तरी चालतील, लवकर अंधारतं.

"आणि ती नको म्हणाली तर?" लिसिआतेने विचारलं.

मेलिआमेने खळीचा हात कपड्याला पुसला. "ती कशाला नको म्हणेल? भाषांतर तूच करणार ना."