आरामाची टाकी

"काका, आपल्या आरामाच्या टाकीचं काहीतरी भलतंच झालंय!"

संशोधन करणारी ही मुलगी. पदवी हातात पडायची होती, पण सगळे तिला आधीच डॉक्टरीणबाई म्हणत. काका प्रयोगशाळेतल्या टाक्या सांभाळायचे. तीन टाक्यांत समुद्रातले शिंपले होते. एकीत पाणी गरम, दुसरीत प्राणवायू कमी आणि तिसरीत नुसतं सुख.

अंड्याचा पांढरा भाग तापला की घट्ट होतो, तशी शिंपल्यातल्या जिवाची प्रथिनंही उष्णतेने आणि घुसमटीने बिघडू लागतात. मग त्याचं अंग मदतनीस प्रथिनं बनवतं आणि ती बाकीच्यांना सावरून धरतात. संकट जेवढं मोठं, तेवढी तपासणीच्या फोटोत त्यांची रेघ काळी. आरामाच्या टाकीची रेघ फिकी यायला हवी होती. ती काळीकुट्ट आली होती. आता तुलना करायची कशाशी? डॉक्टरीणबाईच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडणार होतं.

"यांना कसलं दुःख?" काका चक्रावले. "मी तर रोज सकाळी एकेकाला उचलून विचारतो, बरं आहे ना बाळा?"

"उचलून?"

"मग! बाहेर काढतो, पुसतो, उलटसुलट बघतो. फक्त यांनाच हं. त्या दोन टाक्यांकडे तर बघवत नाही मला."

"अहो काका, उचललं की ते शिंपला घट्ट मिटतात. आत जीव कोंडतो त्यांचा!" डॉक्टरीणबाईला हसू आवरेना. काकांचा चेहरा मात्र एवढासा झाला.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेकीचं तरी काय वेगळं? नवं गाव, नवी नोकरी, आणि तुमचे दिवसभर फोन. जेवलीस का, पोचलीस का. हल्ली उचलते का ती?"

काकांनी हातातला फोन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ते टाकीसमोर हात मागे बांधून उभे राहू लागले. फोनही खिशातच राहिला. हात नुसते शिवशिवायचे. मग एका सकाळी शिंपले आपणहून किलकिले झाले आणि आतली नाजूक झालर पाण्यात हलू लागली. एवढी वर्षं सांभाळूनही काकांनी हे कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांचा हात नेहमी आधी पोचायचा. त्यांना इतका आनंद झाला की एकटेच हसत सुटले.

नवी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईने टाळ्या पिटल्या आणि काकांच्या हातात रेघेचा फोटो ठेवला.

संध्याकाळी बायकोने चष्मा लावून तो न्याहाळला. "यात तर काहीच दिसत नाही."

"तेच तर!" काका छाती फुगवून म्हणाले आणि फोटो कपाटाच्या दारावर चिकटवू लागले.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा? किती दिवसांत तुमचा फोन नाही! बरं आहे ना?"

काकांच्या ओठांवर पन्नास प्रश्न आले होते. त्यांनी एकही विचारला नाही. मोकळा हात पाठीमागे नेला आणि ते म्हणाले, "मी मजेत. तू बोल."

आणि ती बोलतच राहिली.