बाहुल्या आवरायच्या राहिल्या

उमाकांतराव सहा महिने जपानला राहून आले आणि कस्तुराबाईंच्या घरातला रविवार कायमचा हातचा गेला.

चामराजपेटेतलं हे घर मराठी, पण तीन पिढ्या बंगळूरात काढल्यामुळे त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की कुठला शब्द कुठून आला हे घरच्यांनाही सांगता आलं नसतं. उमाकांतराव घड्याळांच्या नव्या कारखान्यात नोकरीला होते. जपानी लोकांच्या मदतीने तो कारखाना उभा राहिला, म्हणून चार माणसांना तिकडे काम शिकायला पाठवलं, त्यांत हे एक. गेले ते घड्याळं शिकायला आणि आले ते अख्खा जपान डोक्यात घेऊन. आल्या महिन्यातच त्यांनी ‘जपान मित्र मंडळ’ काढलं. दर रविवारी सकाळी आसपासच्या शाळा-कॉलेजांतली मुलंमुली त्यांच्या हॉलमध्ये जमायची, जपानवर निबंध लिहायची, जपानी गाणी म्हणायची आणि कस्तुराबाईंनी केलेलं उप्पीट खाऊन घरी जायची. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहाही एकदा करून झाला होता. तो मुलांनी नजर चुकवून जास्वंदीच्या कुंडीत ओतला, आणि कस्तुराबाईंना मुलांचं मुळीच वाईट वाटलं नाही.

गाणी बसवायला जयतीर्थ मास्तर पेटी घेऊन यायचे. उमाकांतराव तिकडून ऐकून आलेली चाल गुणगुणायचे, बरीचशी बेसूर, आणि मास्तर तीतून खरे सूर शोधून काढायचे. भातशेतावर पडणाऱ्या पावसाचं एक गाणं होतं. त्याचे सूर सापडले तेव्हा मास्तर हसून म्हणाले, की अहो, हा तर आपला भूप.

स्वयंपाकघरात रवा भाजता भाजता कस्तुराबाईंचा हात थांबला. लहानपणी धारवाडला त्या गाणं शिकत. पहिला राग भूप. तो जरा कुठे गळ्यात बसू लागला आणि त्यांचं लग्न ठरलं. दुसरा राग शिकायचा राहिला तो राहिलाच. याबद्दल त्या कधी कोणाशी बोलल्या नव्हत्या, कारण बोलण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. रवा मात्र त्या दिवशी जरा जास्त भाजला गेला.

त्यांची एकुलती एक मुलगी अलका पीयूसीला, म्हणजे पदवीच्या आधीच्या वर्षाला होती. तिला पुढे बी.एस्सी. करायचं होतं. तसं तिने एकदाच सांगितलं, तेव्हा कस्तुराबाई म्हणाल्या की शिकणं काय, लग्नानंतरही होतं. अलकाने आईकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मुलीला पटलं, असं कस्तुराबाई धरून चालल्या.

चौसष्ट सालच्या मार्चमध्ये मंडळाने जपानी बाहुल्यांचा सण केला. कारखान्यातल्या जपानी इंजिनियरची बायको फुमिकोबाई आपली राजा-राणीची जोडी घेऊन आली आणि हॉलमध्ये पायऱ्या करून, लाल कापड अंथरून तिने ती स्वतः मांडली. रेशमी पोशाखातली, पांढऱ्या चेहऱ्याची, शांत बसलेली जोडी. इथे मात्र मंडळावरची कस्तुराबाईंची नाराजी विरघळली. दसऱ्यात म्हैसूरकडच्या रीतीने त्यांच्याही घरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडत, आणि सर्वांत वर सासूबाईंनी दिलेली लाकडी राजा-राणी. मग ही बाई परकी कशी? त्यांनी तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. फुमिकोबाईनेही जाताना वाकून वाकून, ती जोडी मंडळासाठीच ठेवून घ्या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई जुनं मऊ धोतर घेऊन बाहुल्या गुंडाळायला आल्या. दसरा संपला की बाहुल्या निजवून पेटीत ठेवायच्या, ही त्यांची शिस्त. अलका म्हणाली, राहू दे, मला निबंधासाठी त्यांचं चित्र काढायचंय. पुढच्या आठवड्यात चित्र रंगवायचं होतं. मग ते रंग वाळायचे होते. मग परीक्षा आली, आणि परीक्षेत घरात उचलाउचल नको, असं उमाकांतरावच म्हणाले.

एका संध्याकाळी फुमिकोबाई भेटायला आली. पायऱ्यांवर बाहुल्या तशाच पाहून तिचा चेहरा उतरला. तिने बाहुल्यांकडे बोट केलं, अलकाकडे केलं, मान हलवली, आपल्या भाषेत काहीतरी कळवळून सांगितलं. अलका लालीलाल झाली. उमाकांतरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, की त्या म्हणताहेत, ऊन लागून रेशीम विटेल.

कस्तुराबाईंना हे पटलं नाही. रेशमासाठी कोणी इतकं कासावीस होतं का? त्यांनी आपल्या मनाशी अर्थ लावला, की बाईला आपली जोडी परत हवी आहे, आणि दिलेलं मागावं कसं म्हणून बिचारी घुटमळते आहे. एवढी साधी गोष्ट नवऱ्याला कळू नये, याचा त्यांना राग आला. जोडी पोहोचती करायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. पण धोतर घेऊन गेल्या की अलकाचं काहीतरी निघायचंच.

तोवर नरसिंहरावांनी स्थळ आणलं. हे उमाकांतरावांचे चुलतभाऊ, लग्नं जुळवण्यात यांचा हातखंडा. मुलगा विश्वेश्वर, बेळगावचा, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. माणसं येऊन मुलगी पाहून गेली, त्यांना ती आवडली. एकच म्हणणं, की लग्न ज्येष्ठातच व्हावं, आणि शिक्षण आता पुरे झालं. मुलगा खरंच चांगला होता, कस्तुराबाईंच्या मनात पूर्ण भरला होता. उमाकांतराव त्यांना म्हणाले, तू ठरव. एप्रिलातल्या एका रविवारी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. तो झाला की होकार घेऊन नरसिंहराव त्याच रात्री बेळगावच्या गाडीत बसणार होते.

कार्यक्रम जवळच्या शाळेत झाला. नरसिंहराव कस्तुराबाईंच्या शेजारी बसले होते, पुढच्या रांगेत फुमिकोबाई. मुलांनी पावसाचं गाणं म्हटलं, आणि कस्तुराबाईंचे ओठ आपोआप हलले. मग निबंधाचं पहिलं बक्षीस अलकाला मिळालं आणि तिने तो कन्नडात वाचून दाखवला. जपानी बाहुल्यांवरचा निबंध. पायऱ्या, लाल कापड, पोशाख, सगळं तिने नीट सांगितलं. मग ती म्हणाली, की सण संपताच जपानी आई लगेच बाहुल्या आवरते. बाहुल्या जितके दिवस मांडलेल्या राहतील, तितकं घरातल्या मुलीचं लग्न लांबतं, असं तिकडे मानतात.

कस्तुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उमाकांतराव जयतीर्थ मास्तरांच्या पेटीकडे एकटक बघत होते. सगळे निबंध तेच तपासायचे.

कस्तुराबाईंना संताप आला. घरात बसून दोघांनी आपल्याला खुळ्यात काढलं! ती परकी बाई आपल्या मुलीच्या काळजीने कासावीस झाली, आणि आपण समजलो की तिला जोडी परत हवी. घरी गेल्यावर पहिलं काम बाहुल्या पेटीत, दुसरं काम होकार, असं त्यांनी जागच्या जागी ठरवलं. तेवढ्यात अलकाने शेवटचं वाक्य वाचलं.

“पण मला वाटतं, जपानमध्ये एखादी आई अशीही असेल, जिला मुलीच्या मनातलं कळतं, आणि जी बाहुल्या आवरायच्या मुद्दाम विसरते.”

टाळ्या पडल्या. कस्तुराबाईंचे हात मात्र मांडीवरच राहिले. त्यांना आपली आई आठवली. लग्न ठरलं त्या दिवशी आईने तंबोऱ्याला गवसणी घातली होती, आणि घालताना लेकीकडे पाहिलं नव्हतं. आई तेव्हा जरा विसरली असती तर? एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

घरी आल्या आल्या कस्तुराबाई सरळ आत गेल्या आणि जुनं धोतर घेऊन हॉलमध्ये आल्या. अलका भिंतीला टेकून उभी राहिली. आता ती काहीच निमित्त सांगत नव्हती. उमाकांतरावांनी तोंडापुढे धरलेलं वर्तमानपत्रसुद्धा उलटं होतं.

कस्तुराबाईंनी राजा उचलला. धोतराच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं, पोशाखावरची धूळ झटकली आणि त्याला होता तिथे बसवला. मग राणीला घेतलं. तिलाही तसंच पुसून राजाशेजारी ठेवलं आणि लाल कापडाची सुरकुती काढली.

नरसिंहराव पिशवी घेऊन दारात उभे होते. गाडीची वेळ होत आली होती. “वहिनी, मग बेळगावला काय सांगू?”

“सांगा, की मुलगा लाखात एक आहे. पण आमच्याकडे बाहुल्या अजून आवरायच्या आहेत.”

निबंध नरसिंहरावांनीही ऐकला होता. ते बाहुल्यांकडे बघून “सरी, बरं तर” म्हणाले आणि पिशवी खाली ठेवून खुर्चीत बसले.

कस्तुराबाईंनी अलकाकडे वळून विचारलं, “बी.एस्सी.ला किती वर्षं लागतात गं?”

“तीन,” अलका म्हणाली.

“मग तुझ्या वडलांना सांग, काचेचं कपाट करून घ्या म्हणावं. इथे धूळ फार बसते.”