एकोणीस वर्षांचा खंड

दापोडीच्या प्रभावतीताईंनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही सही करून.

वय बेचाळीस. बी.ए. होऊन एकोणीस वर्षं झालेली, ती सगळी चाकणच्या कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर गेली. यंदा प्रवेश परीक्षा दिली आणि वकिलीच्या कॉलेजात नंबर लागला. आज कागद तपासायचा शेवटचा दिवस.

काउंटरवरच्या मॅडमनी दोन कागद शेजारी ठेवले. "उत्पन्नाच्या दाखल्यावर नोकरी दिसतेय. आणि शिक्षणातल्या गॅपच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, एकोणीस वर्षं घरीच होते. खरं काय?"

ताईंनी प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. तहसीलबाहेरच्या टायपिस्टने छापील नमुना पुढे सरकवला होता आणि त्यांनी सही ठोकली होती. खोटं बोलायचं मनातही नव्हतं. पण कंत्राटी बाईला दर सात महिन्यांनी ब्रेक, नवा ठेकेदार, नवा गेटपास. कंपनीने कधी आपलं म्हटलं नाही, मग या कामाला नोकरी कुठल्या तोंडाने म्हणायचं? लाइनवरच्या निम्म्या बायका 'घरी असते' असंच सांगतात.

"पाचच्या आत दुरुस्त करून आणा. नाहीतर सीट पुढच्याला जाईल."

बाहेर नवरा, साहेबराव, तापलाच. "चल, त्या टायपिस्टलाच धरू."

"नको. त्यानंच तर मला कागदावर घरी बसवलं. आता मीच लिहिते."

ताई पायरीवरच बसल्या. पीएफच्या भांडणात लागतात म्हणून जपलेले सगळे गेटपास पिशवीत होते. ते लावून त्या तारीखवार लिहीत गेल्या: ठेकेदार कोण, काम कोणतं, ब्रेक किती दिवसांचा. लिहिता लिहिता त्यांनाच नवल वाटलं. एवढं सगळं आपण केलं! 

म्हाताऱ्या नोटरीने चष्मा सावरत कागद दोनदा वाचला. "मुद्देसूद आहे. कोणत्या वकिलाने करून दिलं?"

साहेबरावाला राहवलं नाही. "समोर उभ्या आहेत की, साहेब!"

"ताई, तुम्ही वकील?"

"अजून नाही. कामगार आहे."

नोटरीने शिक्का मारला. पाचला दहा कमी असताना प्रवेश पक्का झाला. ताईंनी पहिला फोन लाइनवरच्या विजयश्रीला लावला. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि तिकडे आनंदाचा कल्ला उठला. तो ओसरेपर्यंत त्या थांबल्या.

"ऐका गं सगळ्या. आजपासून कुणी विचारलं, काय करता, तर घरी असते म्हणायचं नाही. नोकरी करते म्हणायचं."