रोटीने हिरवा झालेला हौद

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे. इस्फहान शहरातल्या एका अंगणात, डाळिंब आणि तुती यांच्या मधोमध माझा मुक्काम आहे. सहा कोपरे, कमरेइतकी खोली आणि आतून आकाशी फरशा, असे माझे रूप. रूप म्हणायचे ते जुन्या आठवणीवर. मधली कितीतरी वर्षे माझा तळ मला स्वतःलाच दिसत नव्हता. आपल्या पोटात काय आहे हे आपल्यालाच कळू नये, याचे तेव्हा मला फार वाईट वाटे. आता विचार करतो तेव्हा मात्र नुसते आश्चर्य वाटते, आणि तेच तुम्हाला सांगायचे आहे.

हे घर बांधले हश्मत आगांच्या वडिलांनी. ते तांब्याची भांडी घडवत. त्यांनी आधी मला खोदून घेतले आणि मग खोल्यांचा विचार केला. माझ्यात पहिल्यांदा पाणी सोडले तो क्षण मला अजून आठवतो. पाणी स्थिरावले आणि तुतीची फांदी माझ्यात उतरली. मग एक पांढरा ढग आला आणि माझ्या या काठावरून त्या काठाला निघून गेला. एवढे मोठे आकाश माझ्यासारख्या लहानशा खड्ड्यात मावते! तेव्हा मी जो थक्क झालो तो आजवर पुरता सावरलेलो नाही.

माझे कामाचे दिवस फार भरगच्च होते. सकाळी नमाजाआधी घरचे सगळे माझ्या काठावर हातपाय, तोंड धुऊन वजू करत. उन्हाळ्यात कलिंगडे माझ्यात गार व्हायला सोडत, आणि ती इकडून तिकडे टकरा देत फिरत. संध्याकाळी माझ्यावर लाकडी तख्त टाकून त्यावर गालिचा अंथरत, मग चहा आणि गप्पा. नवरोजच्या सणाला पाटावर मांडलेल्या काचेच्या भांड्यातले लाल मासे तेरावा दिवस सरला की माझ्यात येत. काल आलेला इवलासा मासा माझ्या पाण्यात धीट होई आणि मला वाटे, याला मीच वाढवले.

मग घरात नळ आले, कूलर आला. म्हातारी माणसे देवाघरी गेली. हश्मत आगा शहरात बस चालवत, ते निवृत्त झाले. त्यांची एकुलती मुलगी महलका लग्न होऊन दूर बंदर अब्बासला गेली. त्या वर्षीच्या सणाचा लाल मासा तिने जाण्याआधी स्वतःच्या हातांनी माझ्यात सोडला. घरात उरली दोन माणसे, हश्मत आगा आणि त्यांच्या पत्नी तूबा खानम. माझ्याकडे फक्त तूबा खानमच येत. काठावर बसून त्या माशाशी बोलत, "आज फोन नाही आला हो तिचा," असे काहीबाही.

आणि मित्रांनो, इथूनच माझा आजार सुरू झाला. तापल्या खड्यांवर भाजलेली आमच्याकडची संगक रोटी हातभर लांब असते. भरल्या घरात ती पुरत नसे, दोघांना ती संपत नसे. रोटी म्हणजे बरकत. जमिनीवर पडलेला तुकडा उचलून, ओठांना लावून मग उंचावर ठेवायचा, हे तूबा खानमना आईने शिकवलेले. तो केरात टाकणे म्हणजे महापाप. मग उरलेली रोटी जाणार कुठे? ती रोज चुरून माझ्यात येऊ लागली. घर जसजसे रिकामे होत गेले, तसतशी माझ्यात रोटी वाढत गेली. मासे खाऊन खाऊन किती खाणार? बाकीची तळाशी कुजली, तिच्यावर पाने पडली, वरून ऊन लागले आणि मी हिरवा होत गेलो. आधी फिकट, मग गडद, मग अगदी रस्सा. मला सगळे कळत होते. पण मी पडलो हौद, सांगणार कसे?

हश्मत आगांची जीभ इस्फहानी. ते काठावर उभे राहून म्हणाले, "खानम, हा हौद नाही, खोरमे सब्जीच्या हिरव्या रश्श्याचं पातेलं आहे. फक्त राजमा घालायचा राहिलाय."

"तुम्हाला आयुष्यभर पोटाचंच सुचतं," तूबा खानम म्हणाल्या. "जरा हात लावा साफ करायला."

तो लावला, पण कसा! नवरोजच्या आधी आमच्याकडे सगळे घर उलटेपालटे करून घासतात. गालिचे धुतात, भिंती पुसतात. त्या झपाट्यात मीही सापडलो. माझे सगळे पाणी उपसून गटारात सोडले. मासे प्लास्टिकच्या टबात कोंबले. मला ब्रशने, कपडे पांढरे करायच्या पावडरीने खसाखसा घासले आणि वर नळाचे ताजे पाणी भरले. मी आरशासारखा लखलखलो खरा, पण माझ्या अंगावरचे सगळे जिवंतपण त्या ब्रशाने नेले होते. मासे पटापट उलटे होऊन तरंगू लागले. तूबा खानमनी एकेक उचलून डाळिंबाखाली पुरला. महलकाचा मासा आणि आणखी एखाद-दुसरा तेवढे वाचले, एवढाच त्यांना आधार. रोटी मात्र तशीच येत राहिली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तुतीला फळे धरायच्या आत मी पुन्हा हिरवागार झालो. महलकाचा मासाही दिसेनासा झाला.

मग हश्मत आगांनी ठरवले. "झालं तेवढं पुरे. तिकडे नदी कोरडी पडलीय आणि आपण या डबक्याला नळ लावतोय. डास होतात, शेजारी नाकाला रुमाल लावून जातात. गवंडी उस्ताद यदुल्लाला सांगितलंय मी. डाळिंबं तडकली की तो येईल, राडारोडा टाकून हौद बुजवेल. गाडी तरी आत लागेल."

"आणि मासा?"

"कुठला मासा? गेला तो कधीच."

"गेला असता तर वर आला असता," तूबा खानम म्हणाल्या. "तिने सोडलेला आहे तो. जिवंत असेल तर तुम्ही त्याला दगडमातीखाली गाडणार आहात, आगा."

हश्मत आगा उस्तादांना नको काही म्हणाले नाहीत. माझ्या पोटात तो मासा आहे की नाही, हे मलाही माहीत नव्हते.

एकदा महलकाचा फोन आला. "आई, मासा दाखव ना." तूबा खानमनी फोन माझ्यावर धरला. फोनमध्ये हिरव्या रंगाशिवाय काय दिसणार? पोरीने विषय बदलला. त्या रात्री तूबा खानम जेवल्या नाहीत म्हणे. सकाळी त्यांनी लोणच्याच्या दोन बरण्या माझ्या पाण्याने भरल्या, आत काही हलते का ते बघायला. काही हलले नाही. एक बरणी तशीच उन्हात काठावर राहिली. दुसरी इतर बरण्यांसोबत तळघरात गेली.

पुढे एकदा लोणचे काढायला त्या तळघरात उतरल्या आणि हातात बरणी घेऊनच वर आल्या. मित्रांनो, ती पाहून माझा विश्वास बसेना. अंधारात ठेवलेले माझे पाणी निवळशंख झाले होते. तळाशी हिरवी भुकटी तेवढी बसली होती. आणि काठावरची बरणी मात्र होती त्याहून हिरवी.

"आगा, हे बघा!"

"वा! लोणचं छान मुरलंय," हश्मत आगा म्हणाले. पण चष्मा पुसून त्यांनी बरणी दोनदा उजेडात धरली.

तूबा खानम काही कमी चिवट नव्हत्या. त्यांनी आणखी दोन बरण्या भरल्या, दोन्ही उन्हातच ठेवल्या, आणि एकीत रोटीचा चुरा टाकला. ती बरणी फसफसली, दाटली, तिला वास सुटला. दुसरी तशी झाली नाही. तूबा खानम त्या बरण्या मांडीवर घेऊन माझ्या काठावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मीच का रे?"

मला बोलता आले असते तर मी म्हणालो असतो, बाई, तुमचा जीव होता त्या रोटीत, तुमच्यावर माझा राग नाही. पण मनातून मी थरारलो होतो. न बोलणाऱ्या हौदाचे दुखणे या बाईने चार बरण्यांतून ऐकले होते.

ऐकणे वेगळे आणि सोडणे वेगळे. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या सवयीने चुरा घेऊन आल्या. मूठ उघडायला गेली आणि थांबली. बरकत पाण्यात टाकायची नाही, केरात टाकायची नाही, मग करायचे तरी काय? डोळ्यांतून पाणी आले. तेवढ्यात गल्लीतून शिळ्या रोटीच्या बदल्यात मीठ देणाऱ्याची हाक आली, "सुकी रोटी, सुकी रोटी!" त्या डोक्यावरची चादर सावरत तशाच धावल्या. ती रोटी गुरांना जाते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. पण आपल्या अंगणात तोंड उघडून बसलेले कुणी असताना दुसरीकडे द्यायला मन धजत नव्हते, एवढेच.

त्यानंतर त्यांनी मला घासले नाही. जाळीने हलकेच पाने काढली. तळाचा गाळ आणि थोडे थोडे हिरवे पाणी बादलीने काढून झाडांना घातले. त्या वर्षी डाळिंबे अशी लगडली की फांद्यांना टेकू द्यावे लागले! काढले तेवढेच नळाचे पाणी पिंपात ठेवून, त्यातल्या औषधाचा वास उडाला की मग माझ्यात सोडले. ओढ्याकाठचा रानपुदिना कुंड्यांत लावून माझ्या कडेला बुडवला. जुन्या तख्ताच्या चौकटीवर बोरूची चटई टाकून माझ्यावर सावली केली.

हश्मत आगा लांबून टोमणे मारत होते. "हौदाला छत्री? उद्या मोजेही विणशील."

"विणीन. तुमच्यापेक्षा तो ऐकून तरी घेतो."

पण कूलर बंद करायचे दिवस आले, तेव्हा आगांनी त्याचा पंप काढला आणि नेहमीसारखा माळ्यावर टाकला नाही. रोटीवाल्याच्या भट्टीतले जुने, गोल खडे मागून आणले, बादलीच्या बुडाला भोके पाडून त्यात भरले, आणि माझे पाणी पंपाने वर चढवून त्या खड्यांमधून खाली गाळू लागले. तूबा खानम काही विचारतील या भीतीने आधीच म्हणाले, "पंप गंजू नये म्हणून चालवतोय."

पाणी एकदम निवळले नाही. आधी रस्स्याचा काढा झाला, मग काढ्याचा फिका चहा. आणि एका सकाळी उन्हाची तिरीप चटईच्या फटीतून आत शिरली आणि थेट खाली, खाली जात राहिली. ती अडली नाही, मित्रांनो! ती माझ्या तळाला टेकली. माझी आकाशी फरशी! घासले ते चार दिवस सोडले, तर इतक्या वर्षांनी मला माझा तळ दिसला. वर आकाश, खाली आकाश, आणि मध्ये मी. मला धन्य धन्य वाटले.

मग रानपुदिन्याच्या कुंडीमागून काहीतरी सरकले. वीतभर लांब. अंधारात राहून त्याचा लाल रंग उडाला होता, तो जवळजवळ पांढरा पडला होता. पण शेपटीची ती ऐटदार लचक मी ओळखली. महलकाचा मासा! आणि त्याच्यामागे मातकट रंगाची, नखाएवढी पिल्ले. एक, दोन, मग मोजदादच नाही. मी कुजत होतो, सगळे मला डबके म्हणत होते, आणि माझ्याच आत एवढा संसार चालला होता. एवढ्या अंधारात, एवढ्या थोड्या हवेवर हा जीव टिकला तरी कसा, हे मला आजही उमगलेले नाही.

तूबा खानम आल्या, वाकल्या, आणि तोंडावर हात ठेवून खालीच बसल्या.

नेमकी त्याच वेळी फाटकाशी गाडी वाजली. डाळिंबे तडकली होती. उस्ताद यदुल्ला राडारोडा घेऊन दारात हजर. "आगा, कुठं ओतायचं?"

हश्मत आगा फाटकापासून चालत आले. तूबा खानम बाजूला सरकल्या. आगांनी वाकून पाहिले. मी जमेल तेवढा स्थिर राहिलो. पांढरा मासा वर आला, तोंड उघडले, मिटले आणि पिल्लांना घेऊन पुन्हा खाली गेला. आगांचा चेहरा माझ्या पाण्यात होता, म्हणून मीच तो सगळ्यात जवळून पाहिला. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"आगा?" उस्तादांनी पुन्हा विचारले. "गाडी उभी आहे माझी."

आगा उस्तादांकडे वळले. "उस्ताद, मोठी पंचाईत झाली. इथं भाडेकरू निघाले. लेकुरवाळे. त्यांना काढायचं कसं?"

उस्तादांनी डोकावून पाहिले आणि ते हसले. "भाडं देतात का?"

"माझ्या बायकोशी बोलतात," हश्मत आगा म्हणाले. "ते काम माझं होतं. मी बस चालवली, घरी आलो आणि गप्प बसलो." मग ते तूबा खानमकडे न बघताच म्हणाले, "चहा टाक ना, खानम. इथंच पिऊ. उस्तादांसह तिघं."

त्या दिवशी राडारोडा आला तसा परत गेला. तूबा खानमनी चहाआधी फोन लावला आणि माझ्यावर धरला. पलीकडून महलका रडत होती की हसत होती, ते मला पाण्यातून नीट कळले नाही. दोन्ही असावे.

मित्रांनो, अति तेथे माती म्हणतात. माझ्यावर ती शब्दशः पडणार होती, तीही प्रेमापायी. म्हणून एक मागणे मागतो. तुमच्या गावात एखादे तळे, एखादी विहीर, एखादा हौद हिरवा पडला असेल, तर त्याला लगेच घासू नका, बुजवू नका आणि दयेने त्यात काही टाकूही नका. आधी काठावर बसा आणि बघा. आमच्यासारख्या मुक्यांना तुमच्या देण्याइतकीच तुमच्या बघण्याची भूक असते. आणि त्या हिरव्या अंधाराखाली कुणीतरी अजून जगत असते.